पळवणारे पुष्कळ, थांबवणारे थोडे: कारवान कुत्र्यांच्या एका श्वानपालन केंद्राचे परीक्षण

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांच्या सीमेवर कारवान जातीची कुत्री पैदा करणारे, त्यांना धावण्याचा सराव देणारे आणि प्रदर्शनांसाठी तयार करून देणारे एक खाजगी श्वानपालन केंद्र आहे. पिल्लाच्या खरेदीपासून पहिल्या प्रदर्शनापर्यंत मी या केंद्राची सेवा घेतली, तिचे हे परीक्षण आहे. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही. पुढे काही तक्रारी आहेत, त्या चावडीवर मांडण्याइतक्या मोठ्या नाहीत, हे एक कारण. आणि चांगल्या श्वानपालकाचे नाव सर्वत्र पसरले की पिल्लांसाठी रांग लागते, रांग लागली की मादीला विश्रांती न देता पुन्हा जोड दिली जाते, आणि ज्यासाठी आपण कौतुक केले तेच दोन-तीन वर्षांत उरत नाही, हे दुसरे. वाचकाने हे परीक्षण एका केंद्राची जाहिरात म्हणून वाचू नये. अशा कोणत्याही केंद्रात काय पाहावे आणि काय विचारावे, यासाठी ते वाचावे.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगतो. पैदाशीच्या बाबतीत हे केंद्र मी पाहिलेल्या खाजगी केंद्रांत सर्वांत जबाबदार आहे. धावण्याचा सराव उत्तम आहे, मात्र त्यातल्या एका प्रथेला माझा आक्षेप आहे. प्रदर्शनाची तयारी जेमतेम आहे, आणि कागदपत्रांचा कारभार इतका ढिसाळ आहे की बाकीच्या चांगल्या कामावर पाणी पडते.

कारवान हा नजरेने शिकार हेरणारा कुत्रा आहे. जमिनीला नाक लावून माग काढणारे शिकारी कुत्रे वेगळे. कारवानला सावज दिसले की तो सुटतो आणि वेगाच्या बळावर ते गाठतो. नराची उंची साधारण ६८ ते ७२ सेंटिमीटर, मादीची त्याहून थोडी कमी. छाती कोपरापर्यंत उतरलेली, पोट आत ओढलेले, कमरेची हाडे दिसणारी. नवख्या पाहुण्यांना हा कुत्रा उपाशी वाटतो आणि ते मालकाला चार गोष्टी सुनावून जातात. केनेल क्लब ऑफ इंडिया या जातीची नोंद ‘कारवान हाउंड’ म्हणून करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’ म्हणून. त्यामुळे कोणत्या क्लबाच्या प्रदर्शनात उतरायचे हे खरेदीदाराने आधीच ठरवलेले बरे, कारण कागद त्याप्रमाणे लागतात. मुधोळ संस्थानच्या घोरपडे घराण्याने, विशेषतः मालोजीराव घोरपडे यांनी, या कुत्र्यांची जोपासना केली. टपाल खात्याने २००५ मध्ये देशी जातींवर जी तिकिटे काढली, त्यांत मुधोळही आहे. पुढे २०१६ मध्ये मेरठ येथील लष्कराच्या केंद्रात या जातीची पिल्ले चाचणीसाठी गेली, आणि २०२० मध्ये पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्ये तिचा उल्लेख झाला. तेव्हापासून मागणी वाढली, आणि मागणीबरोबर भेसळही.

ही भेसळ मुख्यतः ग्रेहाउंड या शर्यतीच्या विदेशी जातीची आहे. गावोगावच्या जत्रांमध्ये शर्यती लागतात, शर्यतीत तात्पुरता वेग हवा असतो, आणि ग्रेहाउंडच्या जोडीने तो पहिल्याच पिढीत मिळतो. असे संकरित पिल्लू कारवान म्हणून विकले जाते तेव्हा घेणाऱ्याची फसवणूक होतेच, शिवाय तीच मादी पुढे जोडीला वापरली गेली की जातीचेही नुकसान होते. केंद्राच्या मालकांनी पहिल्याच भेटीत मला जे दाखवले ते येथे नोंदवतो. त्यांनी दोन मोठ्या माद्या शेजारी उभ्या केल्या आणि कान पाहायला सांगितले. एकीचे कान डोक्यालगत सपाट लोंबत होते; दुसरीचे लहान होते आणि मागे दुमडून मानेवर टेकत होते. दुसरी मादी त्यांना एका ओळखीच्या माणसाने आणून दिली होती. ते तिला सांभाळतात, पण तिची जोड कधी लावत नाहीत. “ही पळायला माझ्या सगळ्यांहून सरस आहे,” ते म्हणाले, “पण पिल्ले हिची नाही घ्यायची.” धंद्यातल्या माणसाने आपल्या सर्वांत वेगवान कुत्रीविषयी असे बोलावे, हे मला या व्यवहारातले सर्वांत आश्वासक वाक्य वाटले.

पैदाशीची शिस्त हा या केंद्राचा खरा गुण आहे. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी आणि विक्रीसाठी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. श्वानपालकाने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करणे, अठरा महिन्यांपेक्षा लहान मादीची जोड न लावणे, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू न विकणे आणि विक्रीपूर्वी मायक्रोचिप लावणे या बाबी त्यांत आहेत. खेड्यांतील बहुतेक श्वानपालकांना हे नियम ऐकूनही माहीत नसतात. येथे नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर होते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक मादीची एक वही होती. माजावर आलेली तारीख, जोडीची तारीख, व्यायलेली तारीख, किती पिल्ले झाली, किती जगली, आणि कोणाकडे गेली. ज्या मादीचे आदले वेत मोठे होते तिच्यापुढे पुढच्या माजाची तारीख लिहिलेली होती आणि जोडीचा रकाना कोरा होता, म्हणजे त्या माजाला तिला विश्रांती दिली होती. वहीतली शाई आणि अक्षर पानागणिक वेगळे असल्याने ती मला दाखवण्यासाठी एका बैठकीत लिहिलेली नाही, हे उघड होते.

नात्यातल्या जोडीविषयीही त्यांची भूमिका स्पष्ट आहे. या पट्ट्यात चांगला म्हणून नाव झालेला नर एकच असला की पंचक्रोशीतल्या सगळ्या माद्या त्याच्याकडे येतात, आणि तीन पिढ्यांत सावत्र भावंडांच्या जोडी लागू लागतात. हे टाळण्यासाठी केंद्राने सीमेपलीकडच्या बागलकोट भागातून एक नर आणला आहे. मुधोळजवळ तिम्मापूर येथे कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. तिकडच्या आणि इकडच्या कुत्र्यांची सरमिसळ झाल्याशिवाय दोन्हीकडचे रक्त आटत जाईल, असे मालकांचे म्हणणे आहे. मला ते पटते. त्यांच्याकडे पश्मी प्रकारही आहे, म्हणजे कान, शेपटी आणि पायांवर रेशमी लांब केस असलेला. तो देखणा आहे. पण काटेरी रानात त्या केसांत कुसळे अडकतात आणि गोचिडीला आसरा मिळतो, म्हणून मी आखूड केसांचीच मादी घेतली.

पिल्लू हातात देताना केंद्राने घेतलेली काळजी तपशिलाने सांगण्यासारखी आहे. हरणी (मादीचे नाव आम्ही हेच ठेवले) नऊ आठवड्यांची असताना मिळाली. जंतनाशकाच्या मात्रांची आणि पहिल्या लसीची नोंद असलेले पुस्तक सोबत होते. तिच्या रोजच्या खाण्यातले दोन आठवड्यांचे खाद्य बांधून दिले होते, म्हणजे घर बदलले तरी पोट बिघडू नये. आईला मी तिच्या पिल्लांसोबत पाहिले. अनोळखी माणसाला पाहून ती थोडी मागे सरली, पण गुरगुरली नाही आणि लपलीही नाही. या जातीत परक्याविषयी सावधपणा असतोच. भित्रेपणा आणि सावधपणा यांत फरक करायचा तर आईला पाहावे लागते. जे श्वानपालक आई दाखवत नाहीत त्यांच्याकडून पिल्लू घेऊ नये, एवढे या ठिकाणी सांगून पुढे जातो.

सोबत एक छापील पान होते आणि ते पशुवैद्यकाला दाखवण्यासाठी होते. या शरीरयष्टीच्या कुत्र्यांत चरबी फार कमी असल्याने थायोपेंटोनसारख्या भुलीच्या औषधांचा परिणाम जास्त काळ राहतो, तेव्हा नसबंदी किंवा टाके घालण्याच्या वेळी पर्यायी औषध वापरावे, असे त्यात लिहिले होते. ग्रेहाउंडच्या बाबतीत रक्तातील तांबड्या पेशी इतर कुत्र्यांहून अधिक आणि प्लेटलेट कमी असणे सामान्य मानले जाते. म्हणून मालकांनी निरोगी अवस्थेतली रक्ततपासणी करून जपून ठेवण्याचा सल्ला दिला. आपल्याकडे गोचीडताप इतका सर्रास आहे की प्लेटलेट कमी दिसल्या की औषध सुरू होते. मूळचा आकडा हाताशी असला तर घाईने निदान होत नाही. शहरातल्या मोठ्या केनेलांकडूनही असा कागद मला कधी मिळालेला नाही.

आता धावण्याच्या सरावाविषयी, कारण बहुतेक लोक येथे त्यासाठीच येतात. या भागात कारवान म्हणजे सशामागे सोडायचा कुत्रा, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या चित्रफितींत ससा पुढे, दोन कुत्री मागे आणि मोटारसायकलवर आरडाओरडा करणारे तरुण, असा देखावा असतो आणि पिल्लाचा भाव त्यावर ठरतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मधली शिकारीची व्याख्या केवळ ठार मारण्यापुरती नाही. पकडणे, कुत्र्यांकरवी पाठलाग करणे, हुसकणे, सापळा लावणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हे सारे तिच्यात येते. ससा निसटला म्हणून गुन्हा निसटत नाही. या केंद्रात जिवंत सावजाचा वापर होत नाही, आणि खरेदीच्या वेळी घेणाऱ्याकडूनही तसे लिहून घेतले जाते. दुसऱ्या एका ठिकाणी मी चौकशी केली तेव्हा मला आईबापांचे कागद दाखवण्याऐवजी सशाची चित्रफीत दाखवण्यात आली होती. मी तेथून चहा न घेताच निघालो.

केंद्राच्या मागे नांगरून मऊ केलेला, धसकटे वेचलेला एक लांब पट्टा आहे. त्याच्या एका टोकाला मोटरवर फिरणारे रीळ, जमिनीलगत चार-पाच कप्प्या आणि त्यांतून ओढली जाणारी दोरी. दोरीच्या टोकाला पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या चिंध्या. कप्प्यांमुळे चिंध्या सरळ न जाता वळणे घेतात, आणि खरी परीक्षा वळणावर होते. हरणीची पहिली पूर्ण धाव मी कडेला वाकून पाहिली. सरळ रेषेत ती दोन वेळा जमिनीपासून पूर्ण सुटत होती, एकदा अंग ताणलेले असताना आणि एकदा चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. वळणावर मात्र तिने शेपूट विरुद्ध बाजूला फेकली, मागचे पाय आत घेतले, आणि पुढे गेलेल्या अनुभवी नराला कापून ती चिंध्यांच्या अगदी जवळ आली. तेथे दोरी थांबली. मालकांनी शीळ घातली, आणि ती दोरीवरून तोंड काढून त्यांच्याकडे गेली.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट ती शीळ होती. नजरेने पळणारा कुत्रा पळायला शिकवावा लागत नाही. ते त्याच्या रक्तात असते. शिकवावे लागते ते थांबणे आणि परत येणे, आणि तेच काम बहुतेक ठिकाणी टाळले जाते, कारण त्याला महिने लागतात आणि चित्रफितीत ते दिसत नाही. हे केंद्र पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यापासून त्यावर मेहनत घेते. आधी अंगणात, मग लांब दोरीवर, मग कुंपण असलेल्या रानात, आणि प्रत्येक परतीला शिजवलेल्या चिकनचा तुकडा. पूर्ण वेगाची धाव वर्षाच्या आत दिली जात नाही, कारण तोवर हाडांची वाढ पूर्ण झालेली नसते. तोपर्यंत सायकलीच्या बाजूने दुडकी चाल, आणि तीही पहाटे. उन्हाळ्यात सकाळी आठनंतर एकही कुत्रा पट्ट्यावर नसतो. धावल्यानंतर प्रत्येकाच्या पंज्यांच्या गाद्या बोटाने चाचपून पाहिल्या जातात. तूर काढल्यानंतरची धसकटे या भागातल्या कुत्र्यांची सर्वांत मोठी शत्रू आहेत. पातळ कातडीला ती अशी फाडतात की टाके घातल्याशिवाय भागत नाही.

माझा आक्षेप खुराकाच्या एका प्रथेला आहे. सरावाच्या आदल्या संध्याकाळी कुत्र्यांना अर्धेच खाणे दिले जाते, आणि जत्रेतली शर्यत जवळ आली की दोन-तीन दिवस ताक-भाकरीवर ठेवले जाते. भुकेला कुत्रा जास्त जोर लावतो, ही समजूत जुन्या शिकाऱ्यांची आहे. चिंध्यांमागे धावणारा कुत्रा भुकेसाठी धावत नाही; आधीच कमी चरबी असलेल्या शरीराला उपास घडवून मिळते ती फक्त थकवा आणि स्नायूंची झीज. धावण्याच्या आधी काही तास पोट रिकामे असणे योग्यच आहे. दोन दिवस अर्धपोटी ठेवणे अयोग्य आहे. मी हे मालकांना सांगितले. त्यांनी हरणीपुरते ऐकले, इतर कुत्र्यांच्या बाबतीत प्रथा चालू आहे. जत्रेतल्या शर्यतींतही या केंद्राने कुत्री उतरवू नयेत, असे माझे मत आहे. बैलगाडा शर्यतींना राज्याच्या २०१७ च्या सुधारणेचा आधार आहे. ती सुधारणा कुत्र्यांसाठी नाही, हे आयोजक विसरतात आणि सहभागी होणारेही विसरतात.

प्रदर्शनाची तयारी हा तिसरा भाग, आणि त्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे आणि गाढवे यांच्याबरोबर कुत्र्यांचेही प्रदर्शन भरते, आणि तेथे या केंद्राची कुत्री उठून दिसतात. तेथे पाहणारे शेतकरी असतात. ते छाती, पाय आणि डोळ्यांतले पाणी पाहतात. केनेल क्लबाच्या रिंगणातले गणित वेगळे आहे. तेथे परीक्षक कुत्र्याचा ओठ वर करून दातांची ठेवण पाहतो, पाठीवरून कमरेपर्यंत हात फिरवतो, मग त्रिकोणात आणि सरळ रेषेत चालवायला सांगतो, आणि हे सगळे अनोळखी माणसाने करताना कुत्र्याने शांत उभे राहायला हवे. केंद्राने हरणीला उभे राहायला शिकवले होते, पण तोंडाला परक्याचा हात लागू देण्याची सवय लावलेली नव्हती. रिंगणात ती दोन वेळा मागे सरली. परीक्षकांनी संयम दाखवला, तरी गुण जायचे ते गेले. ही सवय घरी लावता येते आणि आम्ही ती नंतर लावली. पण तयारीचे पैसे घेतल्यावर ते काम केंद्राचे होते.

कागदपत्रांचा अनुभव मात्र मनस्ताप देणारा होता. मायक्रोचिप वेळेवर लागली. वेताची नोंद आणि मालकी हस्तांतराचा अर्ज मात्र केंद्राने केनेल क्लबाकडे पाठवायचा होता, तो पुन्हापुन्हा विचारल्यानंतरही ‘पाठवला आहे’ या उत्तराच्या पुढे गेला नाही. शेवटी असे निष्पन्न झाले की बापाच्या नोंदणी क्रमांकात एक आकडा चुकला होता, त्यामुळे अर्ज परत आला होता आणि परत आलेला लिफाफा कपाटावर तसाच पडून होता. त्या काळात एक प्रदर्शन हातचे गेले. ज्या माणसाची माद्यांची वही इतकी चोख आहे त्याच्याकडे क्लबाच्या पत्रव्यवहाराची एकही फाईल असू नये, याचे नवल वाटते. मला वाटते हा हलगर्जीपणापेक्षा प्राधान्याचा प्रश्न आहे: त्यांच्या लेखी कुत्रा खरा आणि कागद नंतरचा. प्रदर्शनात उतरणाऱ्याला दोन्ही एकाच दिवशी लागतात.

पिल्लाचे १८,००० रुपये घेतले. सरावाचे मासिक शुल्क वेगळे, त्यात राहणे आणि खाणे धरून. ग्रेहाउंडचा संकर याहून स्वस्तात मिळतो आणि शहरात कागदांसकट पिल्लू याहून महाग मिळते; पैदाशीची शिस्त पाहता किंमत वाजवी आहे. सरावाच्या शुल्काविषयीही तक्रार नाही, फक्त खुराकाविषयीच्या सूचना आधीच लिहून द्याव्यात. प्रदर्शनाच्या तयारीवर मात्र येथे पैसे खर्च करू नयेत. ती घरी किंवा शहरातल्या चांगल्या हँडलरकडे, म्हणजे रिंगणात कुत्रा चालवणाऱ्या जाणकाराकडे, करावी.

सदनिकेत राहणाऱ्यांनी येथून पिल्लू घेण्याचा विचार सोडून द्यावा. मालकही अशा ग्राहकाला परत पाठवतात, आणि मी तेथे असताना पुण्याहून आलेल्या एका कुटुंबाला त्यांनी जेवू घालून रिकाम्या हाताने पाठवले. ज्यांच्याकडे कुंपणाची जागा आहे, रोज पहाटे उठण्याची तयारी आहे आणि कोंबड्या किंवा शेळ्या मोकळ्या फिरत नाहीत, त्यांनी जरूर जावे. जाताना बापाच्या नोंदणी प्रमाणपत्राची छायाप्रत मागून घ्यावी, क्रमांक स्वतः तपासावा आणि हस्तांतराचा अर्ज तेथेच बसून भरून, सही घेऊन, स्वतःच टपालात टाकावा.